२०१६ला वॉरनबाई गप्प का बसल्या होत्या?

चार्ल्सकाठी:

परवा बर्नीच्या धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलं की आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या सेनेटर एलिझाबेथ वॉरनने २०१६ला बर्नीच्या पाठीत सुरा खुपसला, नाहीतर आज चित्र वेगळं असतं. तिकडे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. आमच्या बॉस्टनच्या आसपास हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो, मग काय हाणायचं ते हाणा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. ओबामाची दुसरी टर्म संपत आलेली, डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी हिलरी क्लिंटनलाच मिळणार असं सगळे धरून चाललेले, आणि मधेच व्हरमाँटचे बर्नी सँडर्स उभे राहिले. चौऱ्याहत्तरीचे आजोबा, सेनेटमध्ये अपक्ष म्हणून निवडून येणारे, आणि बोलायचे काय तर मोठ्या बँका मोडा, वॉल स्ट्रीटला लगाम घाला. म्हणजे अगदी जे वॉरनबाई इतकी वर्षं बोलत होत्या तेच. त्याच्या आदल्या वर्षी तर बाईंनीच उभं राहावं म्हणून डाव्या मंडळींनी मोहीम चालवली होती, त्या नाही म्हणाल्या. मग सगळ्यांनी गृहीत धरलं की आता बर्नीला पाठिंबा देतीलच. दुसऱ्या बाजूने हिलरीवाल्यांनी गृहीत धरलं की पहिली महिला अध्यक्ष व्हायची वेळ आलीये, सेनेटमधल्या पक्षाच्या बाकी सगळ्या बायका हिलरीच्या मागे उभ्या आहेत, ही एकटी किती दिवस बाजूला राहील?

राहिली की. प्रायमरी सुरू झाल्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला एकेका राज्यात होणारं मतदान. १ फेब्रुवारीला आयोवा झालं, मग न्यू हॅम्पशर, १ मार्चला तर बाईंच्या स्वतःच्या मॅसॅच्युसेट्सचं मतदान होतं, तरी तोंडातून नाव नाही. जूनमध्ये कॅलिफोर्निया संपलं, हिलरीचं नक्की झालं, आणि ९ जूनच्या रात्री टीव्हीवर येऊन बाईंनी हिलरीला पाठिंबा दिला. त्याच दिवशी ओबामानेही दिला.

आता माझं मत. लोक याला भित्रेपणा म्हणतात पण मला तसं कधीच वाटलं नाही. यासाठी थोडं मागे जावं लागतं, दिवाळखोरीच्या कायद्यापर्यंत. बाई राजकारणात यायच्या आधी हार्वर्डला हाच विषय शिकवायच्या. नव्वदच्या दशकात क्रेडिट कार्ड कंपन्यांना असा कायदा हवा होता की साध्या माणसाला दिवाळखोरी जाहीर करून कर्जातून सुटणं अवघड व्हावं. हिलरी तेव्हा फर्स्ट लेडी. वॉरनबाईंनी तिला भेटून हे बिल कुणाच्या मुळावर येणारे ते समजावलं, तिला पटलं, आणि २०००च्या अखेरीस बिल क्लिंटनने सही न करता ते बिल मरू दिलं. इथपर्यंत छान. पुढच्याच वर्षी हिलरी स्वतः न्यूयॉर्कची सेनेटर होऊन आली आणि जवळपास त्याच बिलाच्या बाजूने मत देऊन मोकळी झाली. बाईंनी २००४च्या एका टीव्ही मुलाखतीत हे सगळं नावानिशी सांगितलंय, २०१६ला बर्नीवाले ती क्लिप जिकडेतिकडे फिरवत होते.

तर जिला हा अनुभव आहे तिला हे पक्कं ठाऊक असणार की निवडणुकीआधी पटतं आणि नंतर विसरलं जातं. मग पाठिंबा कशाला लवकर द्यायचा? बाईंचं लक्ष उमेदवारापेक्षा नेमणुकांवर होतं, ट्रेझरीत म्हणजे अर्थखात्यात कोण बसणार, बँकांवर नजर कोण ठेवणार. २०१४ला ओबामाने अँटोनियो वाइस या इन्व्हेस्टमेंट बँकरला ट्रेझरीत मोठ्या पदावर बसवायचं ठरवलं तर बाई अशा काही मागे लागल्या की जानेवारी २०१५ला गड्याने स्वतःच माघार घेतली. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध हे करणारी बाई भित्री कशी? तिच्या हातात एकच माल होता, स्वतःचं नाव, तो फुकट द्यायचा नाही एवढंच तिने ठरवलं होतं.

तिरकस तात्या:

लिहिलंय मस्त पण फार गोड लिहिलंय. त्या वाइसचं अर्धंच सांगितलंत. माघार घेतली आणि मग त्याच ट्रेझरीत सल्लागार म्हणून जाऊन बसला कारण त्या खुर्चीला सेनेटची मंजुरी लागत नाही. म्हणजे बाईंनी दार अडवलं आणि साहेब खिडकीतून आत.

आणि तटस्थ वगैरे काही नसतं हो. एक पुढे आहे, दुसरा मागून धावतोय, तेव्हा जो गप्प बसतो तो पुढच्यालाच मदत करतो. मॅसॅच्युसेट्सचा निकाल बघा, हिलरी ५०.१ टक्के, बर्नी ४८.७ टक्के. साधारण १७ हजार मतांचा फरक. राज्याची सगळ्यात लाडकी सेनेटर एकदा जरी बर्नीच्या स्टेजवर चढली असती तर ते राज्य गेलं असतं का? चार्ल्सकाठी, तुम्ही तिथेच राहता, तुम्हीच सांगा.

ओव्हरथिंकर:

तात्या, राज्य फिरलं असतं हे एक वेळ मान्य, पण फिरून काय झालं असतं ते हिशोबात बघा ना. डेमोक्रॅटिक प्रायमरीत डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात मिळतात, जिंकला त्याला सगळे असं नसतं. मॅसॅच्युसेट्सला हिलरीला ४६ आणि बर्नीला ४५ मिळाले. उलटं झालं असतं तर बर्नीला ४६. शेवटी बर्नी मागे पडला किती डेलिगेटने? २२०५ वि. १८४६, म्हणजे ३५९. बाईंच्या एका सभेने त्यातला कितीसा खड्डा भरला असता.

बर्नी हरला तो दक्षिणेत. २७ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात हिलरीला ७३ टक्क्यांच्या वर मतं पडली, तीन दिवसांनी जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी, टेक्सस, व्हर्जिनिया, सगळीकडे तिने धुवून काढलं, आणि याचं मुख्य कारण म्हणजे कृष्णवर्णीय मतदार, जो क्लिंटन कुटुंबाला पंचवीस वर्षं ओळखत होता. तिथे हार्वर्डच्या प्रोफेसरबाईंच्या शब्दाला काय वजन? बर्नीला गरज होती साउथ कॅरोलायनाचे कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांच्यासारख्या माणसाची आणि ते हिलरीकडे होते.

तिरकस तात्या:

डेलिगेटचा हिशोब मलाही येतो. पण १ मार्चच्या रात्री टीव्हीवर डेलिगेट मोजत नव्हते, राज्यं रंगवत होते. व्हरमाँट, कोलोरॅडो, मिनेसोटा, ओक्लाहोमा आणि पाचवं मॅसॅच्युसेट्स असं दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या बातम्या, देणग्या, हवा सगळंच बदललं असतं. हवा नावाची गोष्ट असते राजकारणात.

निंबोणी:

मला एक कळत नाही. सेनेटमधले बहुतेक सगळे डेमोक्रॅट उघडउघड हिलरीकडे गेले, बर्नीला अख्ख्या सेनेटमधून एकच माणूस मिळाला, ऑरेगनचे जेफ मर्कली, तेही एप्रिलमध्ये. मग बर्नीवाल्यांचा राग त्या चाळीसेक जणांवर का नाही? जिने विरोधात कामच केलं नाही तिच्यावर एवढा दात का? आणि हिलरीवाल्यांचं पण तेच, "बाई असून बाईला पाठिंबा नाही". दोन्ही बाजूंना ती आपल्या हक्काची वाटत होती, ते काय आहे नक्की?

बाकी पुरुष नेते असे गप्प बसले की त्याला संयम म्हणतात, मुरब्बीपणा म्हणतात. ओबामा २०२०ला १४ एप्रिलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, बर्नी बाहेर पडल्यावर आठवड्याने बायडनला पाठिंबा दिला, तेव्हा कुणी सुरा वगैरे म्हणालं नाही.

वाटाण्याच्या अक्षता:

शेवटपर्यंत पत्ते न उघडणं, दोन्हीकडच्यांना आपलेच वाटणं… बाईंनी बारामतीत ट्रेनिंग घेतलं होतं का? 😄

चार्ल्सकाठी:

अक्षता, हात जोडतो, साहेबांना या धाग्यात आणू नका, दोनशे प्रतिसाद होतील आणि त्यातला एकही वॉरनबाईंवर नसेल.

निंबोणी, ओबामा तेव्हा माजी अध्यक्ष होते, तो मान वेगळा पडतो. पण तुमचा हक्काचा मुद्दा एकदम बरोबर आहे.

वाटाण्याच्या अक्षता:

बरं राहिलं. मग काँग्रेसचं आणतो, २०२२ची अध्यक्षपदाची निवडणूक. खर्गे वि. थरूर, आणि गांधी कुटुंब म्हणे पूर्ण तटस्थ. निकाल ७८९७ वि. १०७२. गप्प बसूनही कार्यकर्त्यांना सगळं ऐकू जातं याचं याहून चांगलं उदाहरण दाखवा.

ओव्हरथिंकर:

हा हा. इथे तात्यांचा मुद्दा लागू होतो खरा.

प्रश्नचिन्ह:

बेसिक प्रश्न आहे, हसू नका. तटस्थ राहायचं असा काही नियम असतो का? आणि ते सुपरडेलिगेट म्हणजे काय, वॉरन त्यात होत्या का?

ओव्हरथिंकर:

नियम फक्त पक्षाच्या यंत्रणेला. राष्ट्रीय समितीच्या पदाधिकाऱ्यांनी प्रायमरीत कुणाची बाजू घ्यायची नाही असं धरलेलं असतं. बाकी खासदार, गव्हर्नर यांनी खुशाल कुणालाही पाठिंबा द्यावा. सुपरडेलिगेट म्हणजे हेच बडे लोक, खासदार, गव्हर्नर, समितीचे सदस्य, ज्यांना अधिवेशनात स्वतःच्या मर्जीचं मत असायचं, राज्याचा निकाल काहीही लागो. २०१६ला असे ७००च्या वर होते, वॉरनबाई पण त्यातल्याच. बर्नीवाल्यांचा सगळ्यात जास्त संताप यावरच होता कारण आयोवात एक मत पडायच्या आधीच शेकडो सुपरडेलिगेटनी हिलरीचं नाव घेऊन टाकलेलं. पुढे ऑगस्ट २०१८ला पक्षाने नियमच बदलला, पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

गंमत म्हणजे जिला खरोखर तटस्थ राहायचं बंधन होतं ती राहिली नाही. समितीची अध्यक्ष डेबी वासरमन शुल्ट्झ. जुलैमध्ये अधिवेशनाच्या तोंडावर विकिलीक्सने समितीचे ईमेल फोडले, त्यात तिथले लोक बर्नीबद्दल काय काय बोलत होते ते सगळं बाहेर आलं आणि शुल्ट्झबाईंना राजीनामा द्यावा लागला. आणि उलट बाजूने तुलसी गॅबार्ड, समितीची उपाध्यक्ष होती, तिने फेब्रुवारीच्या शेवटी आधी पद सोडलं आणि मग बर्नीला पाठिंबा दिला. नियमाप्रमाणे हे स्वच्छ काम.

वाटाण्याच्या अक्षता:

आणि ती स्वच्छ कामवाली आज ट्रम्पच्या पक्षात आहे. म्हणून मी कुणाच्या पाठिंब्यावर जीव टाकत नाही.

एडिसनकर:

चांगला धागा. माझ्याकडून अल गोरची गोष्ट घ्या, ती कळल्याशिवाय हे मोठे लोक गप्प का बसतात ते कळत नाही. २०००ला फ्लोरिडात ५३७ मतांनी अध्यक्षपद हुकलेला माणूस. डिसेंबर २००३ला त्यांनी न्यूयॉर्कला हार्लेममध्ये हॉवर्ड डीनला पाठिंबा जाहीर केला, डीन तेव्हा एकदम जोरात होता. आणि त्याच प्रायमरीत कोण उभं होतं तर जो लिबरमन, गोरचाच २०००चा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, ज्याने गोर उभे राहणार असतील तर मी उभा राहत नाही असा शब्द दिला होता आणि गोर नाही म्हणेपर्यंत थांबला होता. त्याला हे बातम्यांतून कळलं. महिनाभराने आयोवात डीन तिसरा आला, त्या रात्रीचं त्याचं स्टेजवरचं ओरडणं तर अजून फिरतं. म्हणजे मित्र पण गेला आणि उमेदवार पण गेला.

मग २००८ आलं. ओबामा वि. हिलरी, घराघरात भांडणं, आमच्या मंडळाच्या गणपतीत सुद्धा लोक आदल्या सहा महिन्यांची उणीदुणी काढत होते. गोरकडे सगळ्यांचे डोळे, नुकतंच २००७चं नोबेल मिळालेलं, पचौरींच्या आयपीसीसीबरोबर. आठ वर्षं बिल क्लिंटनचा उपाध्यक्ष राहिलेला माणूस, पण २०००ला बिलला प्रचारापासून लांब ठेवल्यावरून त्या घराशी बिनसलेलं. टेड केनेडींनी जानेवारीतच ओबामाला उचलून धरलं, त्याच शर्यतीतून बाहेर पडलेले जॉन एडवर्ड्स मेमध्ये आले, गोर मात्र हिलरी ७ जूनला बाहेर पडेपर्यंत गप्प, मग १६ जूनला डेट्रॉइटला ओबामाबरोबर स्टेजवर. दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकूनच प्यायले.

चार्ल्सकाठी:

एडिसनकर, झकास. पण एक फरक बघा, गोरना २००८ला काही मागायचं नव्हतं. ते भांडणातून बाजूला राहिले. वॉरनबाईंचं तसं नाही, त्या रोज बोलत होत्या, ट्रम्पशी ट्विटरवर भांडत होत्या, बँकांवर भाषणं देत होत्या, फक्त ते एक नाव घेत नव्हत्या. ही तटस्थता कामाची होती.

तिरकस तात्या:

कामाची! काय मिळालं त्यातून? जूनमध्ये हिलरीला पाठिंबा दिला, सिनसिनाटीला दोघी हात उंचावून उभ्या राहिल्या, उपाध्यक्षपदासाठी नाव चर्चेत आलं आणि हिलरीने निवडला कुणाला तर व्हर्जिनियाचा सेनेटर टिम केन, ज्याच्यावर वॉल स्ट्रीटला काडीचा आक्षेप नव्हता. आणि २५ जुलैला फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात बाई भाषणाला उभ्या राहिल्या तर बर्नीचे डेलिगेट ओरडत होते की आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता. ते दृश्य बघितलंय मी, बाईंचा चेहरा पण बघितलाय. हे बिल त्यांना चार वर्षांनी आलं. २०२०ला स्वतः उभ्या राहिल्या तेव्हा बर्नीची माणसं त्यांच्याकडे फिरकली सुद्धा नाहीत, उलट जानेवारीतल्या त्या भांडणानंतर त्यांच्या नावापुढे सापाच्या इमोजी टाकत होती. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये, स्वतःच्या घरात, तिसऱ्या नंबरवर. बायडन, बर्नी, मग बाई.

निंबोणी:

सापाच्या इमोजीचं बिल पण बाईंच्याच नावावर फाडायचं का तात्या? बर्नी २०१८ला खाजगीत म्हणाले की बाई जिंकू शकत नाही, असं बाईंचं म्हणणं, ते म्हणतात मी असं बोललोच नाही. खरं खोटं त्या दोघांना माहीत. पण त्यावरून जे ट्रोलिंग झालं ते २०१६च्या तटस्थतेची शिक्षा म्हणून बरोबर होतं असं तुम्हाला म्हणायचं नसावं अशी आशा.

तिरकस तात्या:

नाही, तसं अजिबात नाही. ट्रोलिंग घाणच होतं. मी फक्त हिशोब मांडतोय की गप्प बसण्याची किंमत पडते.

चार्ल्सकाठी:

हिशोबच मांडायचा तर पूर्ण मांडू. २०१६चं काहीच वसूल झालं नाही हे खरं, कारण हिलरी नोव्हेंबरला हरली, ज्या ट्रेझरीच्या खुर्च्यांसाठी बाई अडून होत्या त्या ट्रम्पने भरल्या. पण २०२० बघा. ५ मार्चला बाई शर्यतीतून बाहेर पडल्या आणि पुन्हा गप्प. बायडन आणि बर्नी दोघेच उरले, दोघांनाही तिची मतं हवीत. आता बायडन कोण? डेलावेअरचा सेनेटर, क्रेडिट कार्ड कंपन्यांचं माहेरघर, आणि २००५ला तेच दिवाळखोरीचं बिल शेवटी पास झालं तेव्हा त्याच्या बाजूने खिंड लढवणारा डेमोक्रॅट. त्या वर्षी सेनेटच्या सुनावणीत प्रोफेसर वॉरन साक्षीला आणि समोर सेनेटर बायडन, दोघांची चांगली जुंपली होती. तर याच बायडनने मार्च २०२०च्या मध्यावर जाहीर केलं की दिवाळखोरीबद्दल वॉरनबाईंचा प्लॅन मी जसाच्या तसा घेतो. पाठिंबा मिळाला १५ एप्रिलला. आधी प्लॅन घेतला, महिन्याने नाव मिळालं! पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्याशी भांडली त्याच्याकडून त्याच विषयावर.

आणि नेमणुका. बाईंच्या डोक्यातून निघालेल्या ग्राहक संरक्षण ब्युरोवर रोहित चोप्रा बसले, जे सुरुवातीला तिथेच बाईंच्या हाताखाली होते. व्हाइट हाउसच्या आर्थिक मंडळात भरत राममूर्ती, बाईंचे जुने सल्लागार. ट्रेझरीत दोन नंबरला वॉली अडेयमो, तेही त्याच ब्युरोतून आलेले.

प्रश्नचिन्ह:

वा, हे माहीत नव्हतं. पण यातलं किती गप्प बसल्यामुळे आणि किती बायडनला डाव्यांची मतं हवी होती म्हणून?

तिरकस तात्या:

प्रश्नचिन्ह, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. बर्नी तर शेवटपर्यंत लढला, मग १३ एप्रिलला पाठिंबा दिला आणि बदल्यात दोघांच्या माणसांच्या संयुक्त समित्या घेतल्या, हवामान, आरोग्य, शिक्षण, सगळ्यावर. म्हणजे हातात मतं असली की बोलूनही मिळतं. गप्प बसायची काही वेगळी जादू नाही. बाईंकडे पण त्या वेळी लाखो मतं होती म्हणून बायडन आला. २०१६ला मतं नव्हती, नुसतं नाव होतं, म्हणून टिम केन.

ओव्हरथिंकर:

तात्या, हा तुमचा आजचा सगळ्यात भारी प्रतिसाद. +१

एडिसनकर:

अवांतर: न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीतलं ममदानीचं उदाहरण पण यात बसेल. जून २०२५च्या प्रायमरीआधी बर्नी आणि एओसीने (खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ) पाठिंबा दिला, वॉरनबाईंनी प्रायमरी जिंकल्यावर. आणि न्यूयॉर्कचेच सेनेटर चक शूमर तर प्रायमरी झाली, नोव्हेंबरची निवडणूक झाली, तरी मी कुणाला मत दिलं सांगत नाही! स्वतःच्या शहरात, स्वतःच्याच पक्षाचा अधिकृत उमेदवार असताना.

वाटाण्याच्या अक्षता:

शूमरवर वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो. साहेबांना पण घेऊन येतो.

गुळपोळी:

उशिरा आले, सगळं वाचलं. चार्ल्सकाठी, एक राहिलं. बायडनने प्लॅन घेतला म्हणालात, पण पुढे कायदा कुठे झाला? बाईंनी डिसेंबर २०२०ला बिल आणलं ते तसंच पडून राहिलं, २००५चा कायदा आजही चालू आहे. आणि चोप्रांना ट्रम्पने फेब्रुवारी २०२५च्या पहिल्याच दिवशी काढलं, त्या ब्युरोचं आता काय चाललंय ते आपण बघतोच आहोत.

चार्ल्सकाठी:

कायदा झाला नाही, बरोबर. पण नोव्हेंबर २०२२ला न्याय खातं आणि शिक्षण खातं यांनी मिळून दिवाळखोरीत सरकारी विद्यार्थी कर्ज माफ होण्याची वाट बरीच सोपी केली, कायद्याला हात न लावता, नुसत्या सूचना काढून. त्यावर लिहायला बरंच आहे, इथल्या बऱ्याच जणांच्या पोरांच्या कामाचं पण आहे, वेळ मिळाला की टाकतो.

तिरकस तात्या:

टाका. पण सूचना काढून दिलेलं सूचना काढून परत घेता येतं, ते पण लिहा त्यात.